खंडेनवमीची हजेरी

"मॅडम, माझा अंगठा घेत न्हाई मशीन," उज्वला म्हणाली आणि साडीच्या पदराला बोट पुसून तिने अंगठा पुन्हा काचेवर टेकवला. मशीनने लाल दिवा लावला आणि ठसक्यात सांगितलं, "प्रवेश नाही."

तिच्या मागे तिच्याच तुकडीतल्या आणखी सहा मुली उभ्या होत्या. सगळ्यांचे अंगठे नाकारून झाले होते. बाजूने पुरुष कामगार एकेक करून अंगठा लावत होते, मशीन त्यांची नावं घेऊन स्वागत करत होतं आणि ते आत जाताना या सात जणींकडे वळून बघत होते. दसरा आणि त्याला लागून आलेली साप्ताहिक सुट्टी संपवून कारखाना त्या सकाळी पुन्हा सुरू होत होता.

"बोटाला मेंदी लावलीस का सणाची?" मी विचारलं.

"न्हाई ओ. मी काय नवी हाय का? रोज येतो की मी."

आमच्याकडे बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात. पुण्याच्या साहेबांच्या कानाला ते वळण पडायला वर्ष गेलं होतं.

तेवढ्यात एका मुलीचा फोन वाजला, मग दुसरीचा. तिसरीने आलेला संदेश वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. 'सलग विनापरवाना गैरहजेरीमुळे आपले प्रशिक्षण समाप्त करण्यात येत आहे.' खाली आमच्या कारखान्याचं नाव होतं आणि त्याखाली 'मनुष्यबळ विभाग'. मनुष्यबळ विभाग म्हणजे मी, पद्मजा मगदूम. मी तर नुकती स्कूटर लावून गेटात आले होते. कुणाचं प्रशिक्षण समाप्त करायला मला अजून चहासुद्धा मिळाला नव्हता.

आमचा कारखाना गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत. पंपाचे सुटे भाग कातून द्यायचे, हे काम. मशीनवर आजवर पुरुषच. त्या वर्षी पहिल्यांदा मुलींची तुकडी घेतली, तीही मी पुण्याच्या मुख्य कचेरीशी भांडून घेतलेली. वर्षभर शिकायचं, हजेरी चोख ठेवायची आणि वर्ष संपलं की कायम. ते वर्ष दिवाळीला संपणार होतं.

"माझा मेसेज मामंजींच्या फोनवर गेला असणार," उज्वला हळूच म्हणाली. ती लागली तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून सासऱ्यांचा नंबर दिलेला. तो बदलायचा राहूनच गेला होता. "मॅडम, घरात ठरलंय तसं. कायम झालो तर नोकरी. न्हाई तर परत कारखान्याचं नाव काढायचं न्हाई. घरचे मालक ट्रकवर असत्यात, ते काय बोलत न्हाईत. मामंजी म्हणतील तसं."

"तू इथेच थांब," मी म्हणाले. "कुठे जाऊ नकोस. चूक सॉफ्टवेअरची आहे, तुझी नाही."

हे मी छातीठोकपणे म्हणाले आणि ऑफिसचा जिना धावत चढले.

ते सॉफ्टवेअर त्याच वर्षी आलेलं. कामगार त्याला 'सासूबाई' म्हणायचे, कारण ते सगळं बघायचं, काही विसरायचं नाही आणि तोंडावर न बोलता फोनवर बोलायचं. पुण्याने नियम दिले होते आणि ते एकामागे एक गुंफून त्यांची साखळी मी बसवली होती. अंगठा नाही तर गैरहजर. सुट्टीच्या आदल्या दिवशी न सांगता गैरहजर, तर पुढची सुट्टीही गैरहजेरीत धरायची. प्रशिक्षणार्थी सलग तीन दिवस गैरहजर, तर प्रशिक्षण बंद, गेट बंद, घरी संदेश. एक कडी हलली की पुढची आपोआप हलायची, मध्ये माणसाने बोट लावायची गरज नाही. पुण्यात साहेबांनी या साखळीचं कौतुक केलं होतं आणि मी महिनाभर हवेत होते.

पडद्यावर बघितलं तर खंडेनवमीच्या दिवशी आख्खं मशीनशॉप लाल. एकाही कामगाराची हजेरी नाही. नवमी गैरहजर, म्हणून दसराही गैरहजर, म्हणून साप्ताहिक सुट्टीही गैरहजर. कायम कामगारांचं गैरहजेरीवर भागलं होतं, ते दुरुस्त करता आलं असतं. पण प्रशिक्षणार्थी म्हणून त्या वर्षी या सातच मुली होत्या आणि साखळीची शेवटची कडी त्यांच्याच गळ्याला लागली होती.

मी पुण्याला देवस्थळी साहेबांना फोन लावला. मनुष्यबळ विभागाचे ते प्रमुख. माणूस चांगला, पण कायम घाईत.

"अहो मगदूम, त्यात काय एवढं? मशीन बिघडलं असेल. सगळ्यांना हाताने हजर करून टाका."

"सर, हाताने हजर केलं तर हजेरी सुधारते, पण बंद झालेलं प्रशिक्षण उघडत नाही. त्या मुलींना नव्याने नेमावं लागेल. वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं जाईल."

"मग नव्याने नेमा."

"सर, वर्ष भरत आलंय त्यांचं."

"दुर्दैव आहे. पण बारा वाजता सगळ्या शाखांच्या बंद झालेल्या प्रशिक्षणार्थींची यादी इकडे कुलूपबंद होते, त्यानंतर मीही काही करू शकत नाही. नियम नियम असतो."

मशीन पुरवणाऱ्या कंपनीलाही मी फोन केला. त्यांच्या माणसाने तिकडून तपासून सांगितलं की मशीन नवमीला दिवसभर चालू होतं, वीज होती, जोडणी होती, कसलाही बिघाड नाही. "मॅडम, तुमची माणसं आलीच नसतील," तो म्हणाला.

आली कशी नाहीत? मी स्वतः दुपारी मशीनशॉपमधली पूजा बघून आले होते. झेंडूच्या माळा, धुऊन पुसून लख्ख केलेली मशीनं, प्रत्येकाच्या हातात प्रसादाचा पेढा. पण मी ऑफिसच्या दारातून आत-बाहेर करायची, तिथलं मशीन वेगळं. ऑफिसवाल्यांचे अंगठे बरोबर लागले होते. लागले नव्हते ते फक्त गेटवरच्या मशीनवर.

मी पुन्हा खाली गेटावर गेले. मशीन रोजच्यासारखं भिंतीवर होतं. वॉचमनने काच पुसली होती, पण कडेच्या फटीत हळद वाळून बसली होती आणि वरच्या कोपऱ्यात झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती. मी नखाने ती काढली आणि मला हसावं की रडावं तेच कळेना.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पूजा झाली की त्या हत्याराला दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत कुणी हात लावत नाही. चाकू पुजला तर भाजीसुद्धा शेजारणीच्या विळीवर चिरून आणायची, इतकं कडक. कारखान्यातही तसंच. नवमीला सकाळी मशीनं धुवायची, पुजायची आणि बंद ठेवायची. मशीनवर पोट असणारी माणसं हे फार मनापासून पाळतात. आम्ही ऑफिसातले तेवढे अर्धवट सुधारलेले, कॉम्प्युटरला कुंकू लावून पुन्हा त्याच्यावरच काम करत बसणारे.

"चौगुले मामा," मी हाक मारली. चौगुले मामा मशीनशॉपचे सुपरवायझर. मिशी पिकलेली, आवाज मशीनच्या वर जाणारा. "या मशीनची पूजा कुणी केली?"

मामांनी मशीनकडे बघितलं, मग गेटबाहेर बसलेल्या मुलींकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "मीच केली," ते म्हणाले. "मशीन हाय न्हवं ते? मग? का, पूजा करायची न्हवती?"

"आणि मग अंगठा?"

"आता पुजलेल्या मशीनला अंगठा कोण लावणार मॅडम? सकाळी समदी गेटावर आली, बघितलं कुंकू लावलंय, नमस्कार केला न् आत गेली. कुणाला सांगायची गरज पडली न्हाई."

"आणि तुम्हाला माझ्या कानावर घालावंसं वाटलं नाही?"

"तुमी आमच्यातल्याच की," मामा म्हणाले. "तुमाला म्हाईत असंल असं वाटलं."

 मी जिना चढत वर गेले आणि खुर्चीत बसून त्या साखळीकडे बघत राहिले. शेवटची कडी तोडायला गेलं तर वर्ष तुटत होतं. मग पहिलीच कडी हलवली तर? अंगठा नाही म्हणून गैरहजर, हे मूळ. तेच खोटं ठरलं तर पुढचं सगळं आपोआप उलट फिरलं पाहिजे, कारण साखळी जशी आपोआप पुढे जाते तशी ती मागेही यावी असं मीच बसवलं होतं. हाताने लावलेली हजेरी साखळीबाहेर राहते, दिवसाचा प्रकार मात्र तिची पहिली कडी. आमचे फिटर बाहेरगावी पंप बसवायला जायचे, त्यांच्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये 'बाहेरचं काम' असा दिवसाचा एक प्रकार होता. त्या दिवशी अंगठा लागत नाही, सुपरवायझरचा शब्द चालतो. तसाच एक नवा प्रकार करायचा आणि खंडेनवमीचा दिवस त्यात टाकायचा. मी त्याला नाव दिलं, 'पूजा दिवस'.

देवस्थळी साहेबांना पुन्हा फोन करून मी हे सांगितलं.

"मगदूम, मुख्य कचेरीत मी हे काय म्हणून सांगू? कामगारांनी हजेरीच्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं, म्हणून नियम बदलला?"

"नियम बदलला नाही सर. माणसं कामावर होती. आपल्या सॉफ्टवेअरला तो दिवसच माहीत नव्हता. तो त्याला शिकवतेय."

"आणि कुणी खोटा हजर निघाला तर?"

"तर माझी नोकरी घ्या," मी म्हणाले. बोलून गेले, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

"तुमच्या जबाबदारीवर करा," साहेब म्हणाले. "आणि बाराच्या आत."

चौगुले मामांना वर बोलावून त्यांच्या फोनवर मंजुरी कशी द्यायची ते मी उभ्या उभ्या शिकवलं. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले. "सगळ्यांना एकदम मंजूर करता येतं मामा," मी घाईने म्हणाले. त्यांनी मान हलवली. "शबूद माझा हाय. एकेकाला डोळ्यापुढं आणून देतो." नवमीला एक जण खरोखरच आला नव्हता, त्याच्या नावावर ते थांबले, "ह्यो पावण्याकडं गेलता," म्हणाले आणि त्याला गैरहजरच ठेवून पुढे गेले. घड्याळ बाराकडे सरकत होतं, पण त्या क्षणी मला आमच्या शॉपचा भयंकर अभिमान वाटला. साहेबांच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला देता आलं नसतं.

लाल रांगा हिरव्या व्हायला लागल्या. नवमी हजर, म्हणून दसरा सुट्टी, म्हणून पुढचा दिवसही सुट्टी. सलग तीन दिवसांची गैरहजेरी पुसली गेली तसं मुलींचं बंद झालेलं प्रशिक्षणही आपसूक उघडलं. एक, दोन, असं करत सहा जणी हिरव्या झाल्या. सातवी झाली नाही. उज्वला लोहार, लाल.

मी पुन्हा पुन्हा बघितलं. मामांची मंजुरी होती, दिवसाचा प्रकार बरोबर होता. मग तिच्या नावावर जाऊन तो दिवस उघडला आणि कारण समोर आलं. नवमीला अख्ख्या शॉपमध्ये अंगठा नव्हता, पण तिचा होता. पहाटे, गेट उघडल्या उघडल्या, एकच. येण्याची नोंद आहे, जाण्याची नाही. अर्धी नोंद सॉफ्टवेअर गैरहजरच धरतं आणि जिथे अंगठा आहे तिथे 'पूजा दिवस' लागू होत नाही. तिच्या अंगठ्यानंतर मशीन दिवसभर गप्प होतं.

म्हणजे तिच्यानंतर मशीनला कुणी हात लावला नाही. म्हणजे पूजा तिनेच केली होती.

"मामा," मी त्यांच्याकडे वळले, "तुम्ही मला खोटं सांगितलंत."

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "पोरीचं कायम व्हायचं हाय," ते म्हणाले. "माझं काय वाकडं होणार हाय आता?"

अर्धी नोंद पुरी करायची तर एकच वाट होती. कामगाराने स्वतःच्या फोनवरून कारण लिहून अर्ज पाठवायचा, मग सुपरवायझरने मंजूर करायचा. नोंदीत तिचा फोन म्हणजे सासऱ्यांचा फोन. आता एवढ्या वेळात ते कुठे सापडणार, या विचारात मी जिना उतरले, तर ते गेटावरच उभे होते.

दौलू लोहार. डोक्याला पटका, मनगटं जाड, हातांवर ठिणग्यांचे जुने डाग. गावात त्यांची भट्टी होती. संदेश वाचून मिळेल त्या गाडीने निघून आले होते. उज्वलाची डब्याची पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली होती आणि ती खाली मान घालून त्यांच्यामागे दोन पावलं चाललीही होती.

"थांबा," मी म्हणाले. "तिला नेऊ नका. चूक दुरुस्त होतेय. फक्त तुमचा फोन पाहिजे."

"कशाला दुरुस्त करताय बाई?" त्यांचा आवाज शांत होता. "सणाला पोरगी कामाला म्हणून घरातनं गेली, न् हितं लिवून आलंय गैरहजर. मग गेलती कुठं? गावाला मी काय सांगू?"

आता कळलं मला, की तिला का न्यायला आले होते ते. नोकरीपेक्षा मोठं काहीतरी त्या एका संदेशाने लाल करून ठेवलं होतं.

"उज्वला," मी म्हणाले, "नवमीला सकाळी काय झालं ते इथेच सांग. तेच कारण म्हणून लिहायचंय."

तिने सासऱ्यांकडे बघितलं नाही. गेटवरच्या मशीनकडे बघून बोलली. "मी पहिल्या गाडीनं आलो. अंगठा लावला. मग पिशवीतनं हळदकुंकू काढून ह्याची पूजा केली. चौगुले मामांनी बघितलं, ते काय बोलले न्हाईत. पुजल्यावर जाताना परत अंगठा कसा लावायचा? म्हणून लावला न्हाई."

"ह्याचीच का?" दौलू लोहारांनी विचारलं. "तुझं मशीन आत हाय न्हवं?"

"ह्ये मला रोज नावानं हाक मारतंय," उज्वला म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं घरात कोण मारत न्हाई."

 दौलू लोहार मशीनजवळ गेले. फटीतली हळद त्यांनी बोटाने चाचपून बघितली, जशी विळ्याची धार चाचपावी तशी. मग खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला.

"नवमीला आमची ऐरण, घण, भाता समदं पुजलेलं असतंय," ते मला म्हणाले. "त्या दिवशी दारात राजा आला तरी आमी घणाला हात लावत न्हाई. लोहाराच्या घरची हाय ती. बरोबर केलं तिनं. लिवा."

"मी लिहून चालणार नाही, तिनेच लिहायचंय," मी म्हणाले.

तिने लिहिलं. सासऱ्यांनी डोळे बारीक करून प्रत्येक शब्द वाचला आणि 'पाठवा'वर स्वतःचा जाड अंगठा ठेवला. चौगुले मामा जिन्यावरूनच ओरडले, "आलं आलं, मंजूर केलं."

मी वर धावले. पडदा हिरवा झाला होता. बाराला थोडा अवकाश होता. पुण्याकडे जाणाऱ्या बंद प्रशिक्षणार्थींच्या रकान्यात आमच्या शाखेचं एकही नाव उरलं नव्हतं. मी टेबलावर डोकं टेकलं आणि मग मोठ्याने हसले, एकटीच.

याला आता बरीच वर्षं झाली. दिवाळीला त्या साती जणी कायम झाल्या. चौगुले मामा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेवर आज उज्वला आहे, लाईनवर तिचा आवाज मशीनच्या वर जातो. मधे सॉफ्टवेअर दोनदा बदललं. प्रत्येक वेळी नव्या माणसाने मला पुण्याहून फोन करून विचारलं, हा 'पूजा दिवस' काय प्रकार आहे, काढून टाकू का? मी दोन्ही वेळा सांगितलं, हात लावू नका. आता तो सगळ्या शाखांना लागू आहे. खंडेनवमीला आमचं सॉफ्टवेअर कुणाचा अंगठा मागत नाही आणि गेटवरच्या मशीनची पहिली पूजा अजून उज्वलाच करते. माझ्या नोकरीत मी पुष्कळ कामं केली, बक्षिसंही मिळाली, पण मला विचाराल तर माझ्या नावावर हे एकच काम लावावं.

त्या दिवशी मी धावत परत खाली आले, तोवर सहा जणी आत गेल्या होत्या. उज्वला शेवटची. तिने बोट पदराला पुसलं, अंगठा काचेवर ठेवला. दिवा हिरवा झाला.

"उज्वला लोहार, स्वागत आहे," मशीन म्हणालं.

ती आत गेली. दौलू लोहार गेटाबाहेर तसेच उभे होते. मशीन जे बोललं ते त्यांनी नीट ऐकलं होतं. एकदम त्यांचं लक्ष हातातल्या पिशवीकडे गेलं. त्यांनी घसा खाकरला, इकडे तिकडे बघितलं आणि अख्ख्या शॉपला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"उज्वला, डबा ऱ्हायला की गं तुझा."